साहेबांना पत्र लिहिताय? या चुका टाळा

विडीची मजुरी अडकली, लूम बंद पडले, पेन्शन थांबली, की आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात माणसं थेट वरच लिहायचं ठरवतात. मुख्यमंत्र्यांना, नाहीतर पंतप्रधानांना. लिहावंच, तो आपला हक्क आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: साहेबांच्या आधी ते पत्र एका कारकुनाच्या टेबलावर येतं आणि कोणत्या खात्याकडे धाडायचं ते तिथंच ठरतं. महामंदीच्या काळात, १९३३ साली, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना वर्षभरात सुमारे ३ लाख पत्रं आली. त्यांतलीही कितीतरी पुढं त्या त्या खात्याकडेच गेली.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एका पत्रात सगळं घर ओतणं. नळाला पाणी नाही, रेशन कमी मिळतं, मुलाला काम नाही, आईची पेन्शन बंद. यातलं काहीच खोटं नसतं. पण पाणी महापालिकेचं, रेशन पुरवठा विभागाचं, पेन्शन भविष्य निर्वाह निधी कार्यालयाची. असं पत्र नेमकं कुठं पाठवायचं? एका पत्रात एकच मागणी ठेवा आणि ती विषयातच लिहा: ‘ईपीएस-९५ पेन्शन मार्चपासून बंद, पुन्हा सुरू करणेबाबत’ (ईपीएस-९५ म्हणजे भविष्य निर्वाह निधीतली १९९५ची कर्मचारी पेन्शन योजना). त्याखाली लगेच पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक), बँकेचं नाव, शेवटची रक्कम कधी जमा झाली ती तारीख. घरची हलाखी त्यानंतर दोन ओळींत सांगा, लपवू नका.

विडी कामगार बायकांच्या पेन्शनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. वर्षानुवर्षं विड्या वळून बोटांचे ठसे झिजतात, मशीन ठसा घेत नाही, हयातीचा दाखला जमा होत नाही आणि पेन्शन थांबते. अशा वेळी ‘पेन्शन द्या हो साहेब’ एवढंच लिहून भागत नाही, कारण पेन्शन कशामुळं थांबली तेच कुणाला कळत नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आता आहे. आधी ती करून बघा. तरीही अडलं, तर कोणत्या तारखेला कुठं गेलात आणि काय उत्तर मिळालं ते लिहा. हे केंद्राचं काम आहे. जिल्हाधिकारी ती पेन्शन सुरू करू शकत नाहीत. पत्र सोलापूरच्या भविष्य निधी कार्यालयाला लिहा आणि वर फक्त प्रत पाठवा. २०१४ मध्ये ठरलेली १,००० रुपयांची किमान पेन्शन वाढवा, ही मागणी मात्र धोरणाची आहे. तिच्यासाठी वेगळं पत्र, खासदार आणि केंद्रीय कामगार मंत्र्यांच्या नावानं. दोन्ही एकत्र केलीत, तर तुमची बंद पेन्शन मोठ्या मागणीखाली दबून जाते.

मूळ कागद कधीच जोडू नका, झेरॉक्सच जोडा.

भाषेची भीती काढून टाका. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्राच्या अधिकाऱ्यालाही मराठीत गाऱ्हाणं मांडता येतं. पंतप्रधानांना लिहायचं म्हणून मोडक्या हिंदीत किंवा दुसऱ्याच्या इंग्रजीत लिहिलं, की आपलंच म्हणणं आपल्याला वाचता येत नाही.

आणि पोच! अर्ज हातानं दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. टपालानं पाठवलात तर स्पीड पोस्टची पावती जपा. तीच तुमची ताकद. स्थानिक कामासाठी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथंही हीच प्रत लागते.

उत्तर आलं नाही, म्हणून तेच पत्र पुन्हा पुन्हा पाठवू नका. आवक क्रमांक टाकून माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, मुदत ३० दिवस. विचारायचं एवढंच: माझा अमुक तारखेचा अर्ज आज कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे आणि त्यावर काय कार्यवाही झाली?