लांबचं केंद्र लागत नाही? नवा रेडिओ घेण्याआधी या चुका टाळा

"रेडिओ डब्बा निघाला, भो." मीडियम वेव्हवर लांबची केंद्रं पकडायच्या, म्हणजे डीएक्सिंगच्या नादाला लागलेला माणूस महिनाभरात हे वाक्य म्हणतोच. मीही म्हणालो होतो. मग दुप्पट किमतीचा रेडिओ आणला, त्याच खोलीत त्याच टेबलावर ठेवला आणि तीच खरखर आणखी स्वच्छ ऐकली. रेडिओ कुठे, कधी आणि कोणत्या दिशेला ठेवतो यावर सगळा खेळ आहे, हे कळायला मला दोन हिवाळे लागले. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी जळगाव जिल्ह्यातल्या रावेरात बसून स्वतः केलेल्या आहेत.

सगळ्यात ताकदवान केंद्र आपल्याच घरात असतं

एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, राउटरचा अडॅप्टर, सेट टॉप बॉक्स, इन्व्हर्टर. यातली प्रत्येक वस्तू मीडियम वेव्हवर आपापली घरघर सोडत असते. नागपूरहून येणारी लहर तीनशेवर किलोमीटर तुडवून दमून येते आणि चार्जर दोन हातांवर असतो. जिंकणार कोण?

तपासायची पद्धत सोपी आहे. रेडिओ सेलवर चालवा. एखादं अगदी बारीक ऐकू येणारं केंद्र लावा आणि घराचा मेन स्विच पाडा. खरखर एकदम बसली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा आणि कोणता वर केल्यावर खरखर परत येते ते बघा. माझ्याकडे निघाला एक स्वस्तातला चार्जर. त्याला मोबाईलही लावलेला नव्हता, नुसता बोर्डात खोचून ठेवला होता. रेडिओ अडॅप्टरवर चालवत असाल तर तो अडॅप्टरच पहिला संशयित.

लाईट गेली की गाव कपाळाला हात लावतं आणि आम्ही रेडिओ घेऊन गच्चीवर पळतो. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांचे इन्व्हर्टर सुरू झाले की ही मौज निम्मी होते. म्हणून शेवटी माणूस शेताकडे वळतो, आणि तिथे वेगळेच पाहुणे भेटतात. रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन दर सेकंद-सव्वासेकंदाला 'टक्… टक्…' असं वाजतं. अर्ध्या रात्री मला वाटलं होतं, कुठल्या तरी देशाचा वेळेचा ठोकाच सापडला! वहीत तशी नोंदही केली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या केळीच्या मळ्यातले नाना म्हणाले, "ते आमचं मशीन आहे, डुकरांसाठी." सौरपंपाचा कंट्रोलरही घरघर करतो, पण दिवस मावळला की आपोआप गप्प होतो, त्यामुळे त्याचा फारसा त्रास नाही. विजेच्या खांबावरचा तडकलेला किंवा धुळीने माखलेला इन्सुलेटर मात्र रात्रंदिवस एकसारखा करकरतो. खांबाजवळ गेलं की आवाज वाढतो, त्यावरून तो ओळखता येतो. तिथे खांबाला काठी मारून बघणारे बहाद्दर मी पाहिलेत. ते करू नका, वीज कंपनीला कळवा आणि आपण लांब सरका.

सिमेंटच्या स्लॅबमधली सळई आणि डोक्यावरचे पत्रे लहर अडवतात. जुन्या धाब्याच्या घरात रेडिओ चांगला लागायचा असं आजी सांगायची, ते नुसतं जुन्या दिवसांचं कौतुक नव्हतं. त्या घरात सळई नव्हती आणि भिंतीत चार्जरही नव्हता.

दुपारी दोन वाजता कोलकाता शोधणं

दिवसा साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर वातावरणाचा जो थर असतो, तो मीडियम वेव्हची आकाशाकडे जाणारी लहर गिळून टाकतो. उरते ती जमिनीला धरून चालणारी लहर. तिच्या जोरावर जळगावचं ९६३ किलोहर्ट्झ मिळतं. इंदूर आमच्यापासून सातपुड्यापलीकडे दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, म्हणून तिथलं ६४८ वरचं २०० किलोवॅटचं केंद्रही भर दिवसा ऐकू यायचं. त्यापलीकडे फारसं काही नाही. सूर्य मावळला की तो थर विरतो, वरचे थर लहर परत खाली पाठवतात आणि बँड एकदम गजबजतो.

नवखे लोक मग रात्री दहाला बसतात, म्हणजे नेमके सगळी केंद्रं एकमेकांच्या अंगावर पडलेली असतात तेव्हा. त्याहून सरस वेळा दोन. पहिली दिवेलागणीची. डिसेंबरात कोलकात्यात पाचच्या आत सूर्य मावळतो, आपल्याकडे पावणेसहाच्या पुढे. त्यामुळे पूर्वेकडची केंद्रं आधी वर येतात आणि पश्चिम अजून उजेडात असल्याने तिकडची गर्दी नसते. दुसरी वेळ पहाटेची, तेव्हा उलट होतं. पूर्व उजळू लागते, पश्चिम अंधारात असते आणि कराचीकडची, इराणकडची केंद्रं टिकून राहतात. रात्री अकराच्या सुमारास आकाशवाणीची बरीच केंद्रं बंद होतात आणि पहाटे पावणेसहा-सहाच्या दरम्यान ती ओळखीची धून वाजवत पुन्हा जागी होतात. मधला वेळ म्हणजे मोकळं रान. थंडीत अंथरुणातून उठवत नाही, हे मान्य.

हंगामही बघा. मे-जूनमध्ये वळवाच्या विजा शेकडो किलोमीटरवर कडाडल्या तरी रेडिओत कडकड येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने.

काडी ओढून काही होत नाही

ही चूक शंभरातले नव्वद जण करतात. केंद्र बारीक झालं की रेडिओची काडी पूर्ण ओढायची आणि छताकडे, खिडकीकडे फिरवायची. ती काडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मीडियम वेव्हची अँटेना रेडिओच्या पोटात असते. तांब्याची बारीक तार गुंडाळलेली काळी फेराईटची कांडी, बहुतेक रेडिओंत लांबीच्या दिशेने आडवी बसवलेली. तिच्या बाजूकडून येणारी लहर ती चांगली पकडते आणि टोकाकडून येणारी जवळजवळ टाकून देते. म्हणून फिरवायचा तो सगळा रेडिओ.

पण फिरवायचा कशासाठी, इथे जाणकारही घोटाळा करतात. केंद्र सर्वांत मोठं ऐकू येणारी दिशा शोधण्यात फार अर्थ नाही, कारण ती दिशा ऐसपैस असते. पाच-दहा अंश इकडे-तिकडे झाले तर कानाला कळतही नाही. टोकाकडची गप्प जागा मात्र सुईसारखी बारीक असते आणि खरी कमाई तिथे आहे. रावेरहून जळगाव नैऋत्येला आहे. ९६३ च्या शेजारचं ९५४ किंवा ९७२ ऐकायचं असेल तर रेडिओचं टोक जळगावकडे करा आणि हळूहळू, अगदी केसाकेसाने सरकवा. जळगाव एकदम बसतं आणि त्याच्या मागे दडलेलं कुणीतरी बोलू लागतं. नको त्या आवाजाला टोक दाखवायचं, एवढं लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं. घरातल्या चार्जरलासुद्धा टोक दाखवता येतं.

डिजिटल रेडिओ असेल तर बँडविड्थ, म्हणजे रेडिओ एका वेळी ऐकतो तो पट्टा, कमी करा आणि एक किलोहर्ट्झ बाजूला सरकून ऐका, शेजाऱ्याचा चरचराट कमी होतो.

यापुढचं पाऊल म्हणजे लूप अँटेना. साठ सेंटिमीटर बाजूची चौकोनी लाकडी चौकट, तिच्यावर सुट्या वायरचे नऊ-दहा वेढे आणि दोन टोकांना जुन्या रेडिओतली साधारण ५०० पिकोफॅरडची गँग, म्हणजे केंद्र लावायला फिरवतात तो कंडेन्सर. रेडिओ लूपजवळ ठेवायचा, वायर जोडायची गरज नाही. गँग फिरवताना एका जागी केंद्र उसळी मारून वर येतं. मी जास्त वेढे म्हणजे जास्त ताकद असं समजून वीस वेढे घातले होते. परिणाम असा की लूप बँडच्या खालच्या भागातच अडकली, वरच्या टोकापर्यंत पोचेचना. पहिली चौकट केळीच्या खोक्याची होती, ती दवाने एका रात्रीत बसली.

लांब वायर टाकायची हौस बऱ्याच जणांना असते. पंचवीस-तीस मीटर वायर साध्या पॉकेट रेडिओला थेट जोडली की तो गांगरतो आणि एकच केंद्र पाच ठिकाणी वाजायला लागतं. वायर विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून नेऊ नका. अर्थिंग म्हणून घरातल्या बोर्डाची अर्थ किंवा न्यूट्रल वापरू नका. ढग आले की वायर सोडून बाहेर टाका.

नऊचा पाढा विसरणं

आपल्याकडे मीडियम वेव्हवरची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात. जिनिव्हात १९७५ साली ठरलेली ही मांडणी २३ नोव्हेंबर १९७८ पासून लागू झाली. अमेरिकेत हे अंतर १० आहे. बाहेरून मागवलेला रेडिओ कित्येकदा १० वर सेट असतो, मग तो ९६० वर थांबतो, ९७० वर थांबतो आणि जळगाव मध्येच राहून जातं. "केंद्रच लागत नाहीत" ही तक्रार आली की मी आधी ही सेटिंग बघायला सांगतो.

ताळाही सोपा आहे. आपल्या बाजूच्या केंद्राच्या आकड्यातले अंक मिळवा, बेरीज नऊच्या पटीत यायला हवी. मुंबई १०४४ आणि ५५८, पुणे ७९२, नागपूर ५८५. करून बघा. येत नसेल तर तुम्ही केंद्राच्या जरा बाजूला आहात किंवा ऐकताय ते भूत आहे.

भुतं दोन प्रकारची. साध्या रेडिओत आतली फ्रिक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ असते. तिच्या दुपटीला ९१० वर आणि तिपटीला १३६५ वर रेडिओ स्वतःच शिट्टी वाजवतो. १३६५ वरच्या शिट्टीखाली मी महिनाभर परदेशी केंद्र शोधत होतो! दुसरं भूत म्हणजे खऱ्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ खाली उमटणारं प्रतिबिंब. नागपूरचा १५६६ वरचा १००० किलोवॅटचा ट्रान्समीटर जोरात असताना तो जुन्या सेटवर ६५६ ला डोकावायचा, आणि ६५७ म्हणजे कोलकाता! एका किलोहर्ट्झच्या फरकाने माणूस किती खूश होऊ शकतो ते मी अनुभवलंय. नव्या डीएसपी, म्हणजे डिजिटल चिपवर चालणाऱ्या रेडिओंची आतली रचना वेगळी असल्याने हा हिशेब त्यांना असाच लागत नाही.

जाता जाता आणखी एक. एखाद्या ताकदवान केंद्राच्या शेजारी जाडसर, एकसारखी भसभस येत असेल तर ती खराबी नसूनही असेल. आकाशवाणीने डीआरएम पद्धतीचं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलेलं आहे, आणि साध्या रेडिओला ते तसंच ऐकू येतं.

भाषा ऐकली आणि देश ठरवला

उर्दू ऐकू आली की पाकिस्तान, बंगाली ऐकू आली की ढाका. असं नसतं. राजकोटच्या १०७१ वरून आकाशवाणीच्याही उर्दू सभा झालेल्या आहेत. बंगालीत कोलकाता ६५७ आहे, बंगालमधलंच चिन्सुरा ५९४ आहे आणि ढाका ६९३. श्रीलंकेत पुत्तलमला ८८२ वर ट्रान्स वर्ल्ड रेडिओ या ख्रिस्ती प्रसारण संस्थेचा ४०० किलोवॅटचा ट्रान्समीटर आहे, तिथून भारतीय भाषा ऐकू येतात. हिंदी बातम्या तर ओळखीच्या कामाच्याच नाहीत, दिल्लीचं एकच बातमीपत्र निम्मा देश सहक्षेपित करतो. मी एकदा दिल्ली मिळाली म्हणून पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. बातम्या संपल्यावर निवेदिकेने इंदूरचं नाव घेतलं.

केंद्राचं नाव स्वतःच्या कानाने ऐकेपर्यंत वहीत प्रश्नचिन्ह ठेवा. तोवर घड्याळ मदतीला येतं. बांगलादेश आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे, पाकिस्तान अर्धा तास मागे. त्यामुळे तासाचे ठोके किंवा बातम्यांची सुरुवात आपल्या घड्याळात साडेसातला, साडेआठला ऐकू आली तर शेजारच्या देशाचा संशय पक्का होतो. श्रीलंकेला ही युक्ती चालत नाही, त्यांचं घड्याळ आपलंच आहे. इराणलाही नाही, त्यांचा तास आपल्या तासालाच पडतो.

यादी जुनी असणं हीही फसगत. जर्मनीच्या डॉइचलँडफुंकने ३१ डिसेंबर २०१५ ला मीडियम वेव्ह सोडली, आपल्याकडेही ट्रान्समीटर बंद होत चाललेत. दहा वर्षांपूर्वीच्या यादीतलं केंद्र लागत नाही म्हणून लूपचे वेढे मोजत बसू नका.

वही आणि पत्र

ऐकल्याचा अहवाल केंद्राला पाठवला की क्यूएसएल कार्ड, म्हणजे तुम्ही ऐकल्याची केंद्राने दिलेली पोच, येऊ शकते. अहवालात वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहितात, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. ५ जानेवारी लागल्यावर रात्री दीड वाजता ऐकलेलं केंद्र यूटीसीत ४ जानेवारीला २० वाजता पडतं. तारीख मागे न्यायला लोक हटकून विसरतात. "आपला कार्यक्रम छान वाटला" एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पंधरा-वीस मिनिटांत मिनिटागणिक काय ऐकलं ते लिहा. सिनपो म्हणजे केंद्र किती चांगलं ऐकू आलं ते सांगणारे एक ते पाचमधले पाच आकडे. ते पाचही पाच देऊ नका, हजार किलोमीटरवरचं केंद्र शेजारच्या घरातल्यासारखं ऐकू आलं यावर इंजिनिअर विश्वास ठेवत नाही.

आमच्या मावशी गच्चीवर कपडे काढायला येतात आणि दर वेळी विचारतात, "काय रे भो, रातभर हाई खरखर काय आयकस?" परवा त्यांच्या हातात रेडिओ दिला. खोल गेलेला आवाज परत वर येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत, लगेच चकती फिरवली. ही शेवटची चूक. रात्रीची लहर चढते-उतरते. विरलेलं केंद्र दोन-चार मिनिटांत परत येतं, कधी कधी नेमकं नाव सांगायच्या वेळीच, तेव्हा एका जागी किमान पंधरा मिनिटं थांबा. काल आलेलं आज मुळीच आलं नाही तर सूर्याच्या वादळाने वरचे थर बिघडलेले असू शकतात, तेव्हा स्क्रू ड्रायव्हर काढू नका.