पिंगला उत्तर नाही म्हणजे सर्व्हर बंद? तपासताना या चुका टाळा

दूरचे यंत्र प्रतिसाद देते का, हे तपासणारी ‘पिंग’ ही आज्ञा चालवल्यावर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ (ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही) एवढे दिसताच सर्व्हर बंद पडल्याचे जाहीर करणे, ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. पिंग आयसीएमपी या जाळ्याच्या तपासणीसाठीच्या संदेशपद्धतीची इको विनंती पाठवते आणि वाटेतल्या फायरवॉलने (नको ती वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणेने) ती गाळली, तर व्यवस्थित चालणारे यंत्रही गप्पच राहते. ॲमेझॉनच्या ईसी-२ या भाड्याच्या सर्व्हरच्या सेवेत नव्याने तयार केलेल्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (फायरवॉलच्या नियमांच्या संचात) बाहेरून येणाऱ्या वाहतुकीला आत सोडणारा एकही नियम नसतो, आणि संकेतस्थळासाठी ४४३ हा पोर्ट (यंत्रावरच्या एका सेवेचे क्रमांकित दार) उघडणारा माणूस आयसीएमपीची आठवण ठेवतोच असे नाही.

अशा वेळी जी सेवा तिथे चालू असायला हवी, तिच्याच पोर्टशी टीसीपी जोडणी (दोन्ही बाजूंनी होकार मिळाल्यावरच जुळणारी जोडणी) करून पाहावी. लिनक्सवर नेटकॅट हे जोडणी तपासण्याचे साधन आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा त्यासाठी पुरेशी आहे; मात्र या दुसऱ्या आज्ञेला पोर्ट क्रमांक दिला नाही, तर तीही पिंगच करते.

खरी गफलत होते ती उत्तराचा अर्थ लावताना. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ वाचून लोक निराश होतात. वास्तविक जोडणी नाकारणारे रीसेट पॅकेट कोणीतरी पाठवले आहे, म्हणजे बहुधा यंत्र जागे आहे आणि फक्त त्या पोर्टवरची सेवा बंद आहे. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे, की काही फायरवॉल यंत्राच्या वतीने स्वतःच नकार पाठवतात. याउलट नुसता टाइमआउट आला, तर यंत्र बंद आहे की पॅकेट गाळले गेले, हे त्यावरून ठरवता येत नाही. यूडीपी या आधी जोडणी न करताच पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीच्या बाबतीत तर नेटकॅटने ‘यशस्वी’ म्हटले तरी विश्वास ठेवू नये, कारण तिथे उत्तर न येणे हेच यश समजले जाते.

एनमॅप हा पोर्ट तपासणारा प्रोग्राम ‘पीएन’ (-Pn) या पर्यायासह चालवला, की तो प्रत्येक पत्ता चालू असल्याचे आधीच गृहीत धरतो. त्यामुळे ‘होस्ट इज अप’ ही ओळ निरर्थक ठरते; एखादा पोर्ट ‘ओपन’ किंवा ‘क्लोज्ड’ दिसला, तरच त्याला पुरावा मानावे. तसेच वाचक आणि मूळ सर्व्हर यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या क्लाउडफ्लेअरसारख्या मध्यस्थामागे असलेल्या संकेतस्थळाशी जोडणी झाली, तर उत्तर मध्यस्थाने दिलेले असते. पानावर ५२१ किंवा ५२२ ही त्रुटी दिसल्यास मध्यस्थ जिवंत आहे, पण मूळ सर्व्हरशी त्याची जोडणी होत नाही, असे समजावे.

यंत्र आपल्याच स्थानिक जाळ्यात असेल, तर काम बरेच सोपे होते. फायरवॉलने पिंग अडवले तरी एआरपीला (आयपी पत्त्यावरून यंत्राचा हार्डवेअर पत्ता विचारणाऱ्या संदेशाला) उत्तर दिल्याशिवाय आयपीव्ही४ या पत्तापद्धतीवर शेजारच्या यंत्राशी बोलताच येत नाही, म्हणून एआरपीचीच विनंती पाठवणाऱ्या आर्पिंग या आज्ञेने विचारणा करावी. आपल्या यंत्राने जपून ठेवलेल्या एआरपीच्या तक्त्यात सापडलेल्या नोंदीवर मात्र लगेच विसंबू नये, कारण यंत्र बंद झाल्यावरही ती काही काळ तिथे राहू शकते.