प्रिन्स नसीमला नेमकं कुठे बसवायचं?

सगळ्यात आधी आवाज बंद करा. बॉक्सर नसीम हमेद ऊर्फ 'प्रिन्स'ची लढत लावली की पहिली घंटा होईपर्यंतचा भाग सरळ पुढे ढकलायचा. उडत्या गालिच्यावरून येणं, बिबट्याच्या नक्षीची चड्डी, वरच्या दोरावरून मारलेली कोलांटी, यातल्या कशालाच गुण नाहीत. कॉमेंट्रीही नको. नव्वदच्या दशकातले कॉमेंटेटर एकतर त्याच्या प्रेमात पडलेले असायचे नाहीतर त्याच्यावर खार खाऊन असायचे, आणि दोन्ही प्रकारांत आपले कान डोळ्यांना फसवतात.

हौशी बॉक्सिंगमध्ये मी रिंगशेजारी बसून गुण देतो. क्लबातली पोरं मोबाईलवर त्याच्या दोन-दोन मिनिटांच्या क्लिपा बघतात आणि येऊन विचारतात, "सर, फेदरवेटमध्ये हाच सगळ्यात भारी ना?" (फेदरवेट म्हणजे ५७ किलोचा गट.) क्लिपा बघून कोणाचीही जागा ठरत नाही. बघायचं तर पूर्ण लढती बघा, आणि वहीत दोन वेगळी पानं करा. एकावर लिहा अंगात काय होतं, दुसऱ्यावर लिहा करून काय दाखवलं. ही दोन पानं एकमेकांत मिसळली की सगळा वाद कॉलेजच्या कट्ट्यावरचा होतो.

पहिलं पान भरायला वेळ लागत नाही. १९७४चा जन्म, शेफिल्ड, आईवडील येमेनचे. विंकोबँक भागात ब्रेंडन इंगल यांची जिम होती. तिथे जमिनीवर रेघा आखलेल्या असायच्या आणि पोरांना त्या रेघांवर पावलं टाकत तासन्तास फिरवायचे. नसीमचं सगळं त्या पावलांत आहे. तो डावखुरा, पण मनात आलं की उजवा व्हायचा. हात कमरेशी, हनुवटी वर, अंग मागे झुकलेलं. अशा अवस्थेत कुठल्याही पोराने ठोसा मारला तर मी त्याला ओरडतो, कारण त्यात जोर येत नाही. नसीमच्या ठोशात यायचा. समोरच्याला वाटायचं हा आता तोल सावरतोय, आणि तेवढ्यात गालावर आदळायचा. एकूण ३७ लढती, ३६ विजय, त्यातले ३१ नॉकआऊट. ३० सप्टेंबर १९९५ला कार्डिफमध्ये, म्हणजे समोरच्याच्याच गावात, स्टीव्ह रॉबिन्सनला आठव्या राऊंडमध्ये थांबवून त्याने डब्ल्यूबीओ या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा पट्टा, म्हणजे जगज्जेतेपद, घेतलं तेव्हा तो २१ वर्षांचा होता. ५७ किलोच्या गटात एका हाताने लढत संपवणारे फार थोडे होऊन गेले, त्यांत हा नक्की बसतो. या पानावर मी त्याला पहिल्या पाचात धरीन.

खरी मेहनत दुसऱ्या पानाला. डब्ल्यूबीओचा पट्टा त्याने १५ वेळा राखला. आकडा भारदस्त आहे, पण नुसता आकडा घेऊ नका. प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी लिहा: त्या रात्री त्याचं वय काय, तो मुळात कुठल्या वजनाचा, आणि त्याआधीच्या दोन वर्षांत त्याने काय केलं. हे केलं की यादीतलं तूप आणि डालडा वेगळं होतं.

टॉम जॉन्सन हे खरं तूप. आयबीएफ या तशाच दुसऱ्या संघटनेचा चॅम्पियन, आपला पट्टा अनेकदा राखलेला. फेब्रुवारी १९९७मध्ये लंडनला आठव्या राऊंडमध्ये बाद झाला. मान्युएल मेदिनालाही १९९६मध्ये डब्लिनला अकराव्या राऊंडनंतर खुर्चीवरच बसून राहावं लागलं. पुढे मात्र हात आखडता घ्या. विल्फ्रेडो वाझ्केझ नाव मोठं, पण एप्रिल १९९८मध्ये तो ३७ वर्षांचा होता. वेन मॅककुलो बार्सिलोना ऑलिंपिकचा रौप्यपदक विजेता, पण मूळचा बँटमवेट, म्हणजे खालच्या वजनाचा. व्ह्यूयानी बुंगू खालच्या वजनात वर्षानुवर्षं राज्य केलेला, नसीमसाठी वर आलेला. सेझार सोटो डब्ल्यूबीसी या तिसऱ्या संघटनेचा चॅम्पियन खरा, पण १९९९ची डेट्रॉइटची ती लढत बघून मला दोघांचाही राग येतो. ढकलाढकली, मिठ्या, कुस्ती. चॅम्पियन आणि माजी चॅम्पियन पाडले म्हणून कौतुक करायचंच, मात्र ते कुठल्या वळणावर सापडले तेही लिहायचं.

न झालेल्या लढतीही याच पानावर येतात. हुआन मान्युएल मार्केझ त्याच पट्ट्याच्या दावेदारीत बराच काळ उभा होता. लढत झाली नाही. यात दोष कोणाचा यावर रात्रभर भांडता येईल, पण गुणपत्रिकेवर ती जागा कोरीच राहते.

आता एक लढत जवळून बघू. १९ डिसेंबर १९९७, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर न्यूयॉर्कचाच केव्हिन केली. चार राऊंडात नसीम तीनदा खाली, केलीही तीनदा खाली, शेवटी केली उठला नाही. लोक ही लढत थरार म्हणून बघतात. तुम्ही ती प्रत्येक पडण्यापाशी थांबवून, मागे नेऊन बघा. नसीमचे पाय कुठे आहेत? बहुतेक वेळा रुंद पसरलेले आणि हनुवटी उघडी. तो डोकं मागे घेऊन ठोसा चुकवतो, पाय मात्र तिथेच. त्याच्या आदल्या वर्षी न्यूकॅसलमध्ये डॅनियल अलिसियानेही त्याला पहिल्याच राऊंडमध्ये खाली बसवलं होतं आणि दुसऱ्या राऊंडमध्ये स्वतः झोपला. म्हणजे दुखणं जुनंच, पण उजव्या-डाव्याचा दणका इतका की कोणाला त्यावर बोट ठेवायला सवडच मिळाली नाही.

बरेराला मिळाली. ७ एप्रिल २००१, लास व्हेगास, एमजीएम ग्रँड. मार्को अँतोनिओ बरेरा खालच्या वजनातून आलेला, सट्टेबाजांचा कौल नसीमकडे. या लढतीत नसीमला बघू नका, बरेराचे पाय बघा. तो सारखा आपल्या डाव्या बाजूला सरकतोय, म्हणजे नसीमच्या डाव्या हातापासून लांब. समोरचा नाचतोय, खुणावतोय, हा ढिम्म. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), मग डावा हुक (वळवून मारलेला ठोसा), पुन्हा मधे येऊन हात वर. बाराव्या राऊंडमध्ये त्याने नसीमचं डोकं कोपऱ्याच्या खांबावर आपटलं, रेफ्री जो कोर्तेझने एक गुण कापला, तरी गुण देणाऱ्या तिन्ही पंचांनी लढत बरेरालाच दिली. यानंतर नसीम एकदाच रिंगमध्ये उतरला, मे २००२मध्ये लंडनला, जिंकला आणि वयाच्या २८व्या वर्षी संपला.

इथे पोरं म्हणतात, "सर, एकच तर हरला!" हरण्याची संख्या मोजू नका. जुन्या काळातले फेदरवेट चॅम्पियन घ्या: विली पेप ११ वेळा हरला, सँडी सॅडलर १६ वेळा, आणि माझ्या यादीत हे दोघे सगळ्यात वर आहेत. बघायचं ते हे, की हरल्यावर माणसाने काय केलं. जानेवारी १९४७मध्ये पेपचं विमान कोसळलं, पाठ आणि पाय मोडला, आणि जूनमध्ये तो पुन्हा लढत होता. १९४८मध्ये सॅडलरने त्याला चौथ्या राऊंडमध्ये झोपवलं. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९४९मध्ये, त्याने गुणांवर पट्टा परत आणला. बरेराशी दुसरी लढत झालीच नाही. माझ्या हिशेबात नसीमचे सगळ्यात जास्त गुण इथे जातात, पराभवात नाही. (पेपने एकही ठोसा न मारता राऊंड जिंकला ही गोष्ट मात्र यादीत धरू नका. ऐकायला गोड आहे, पुरावा पातळ आहे.)

"कारकीर्द छोटी होती" ही दुसरी सबब. तिला उत्तर फेदरवेट चॅम्पियन साल्वादोर सांचेझ. १९८२मध्ये मोटार अपघातात गेला तेव्हा २३ वर्षांचा होता. तेवढ्यात त्याने डॅनी लोपेझकडून पट्टा घेतला, १९८१मध्ये विल्फ्रेडो गोमेझला आठव्या राऊंडमध्ये थांबवलं, आणि मरणाच्या काही आठवडे आधी अझुमा नेल्सनला पंधराव्यात. गोमेझ तोवर अजिंक्य होता, नेल्सन पुढे याच वजनाचा थोर चॅम्पियन झाला. आता नसीमच्या यादीत या दोघांच्या तोडीचा, भर जोमातला, हरवलेला माणूस शोधा. बरेरा सापडतो, पण तिथे हात नसीमचा वर गेला नव्हता.

काळ वेगळा असेल तर मनातल्या मनात लढत लावताना नियमही त्या काळचे घ्या. सांचेझ आणि त्याच्याच काळातला दुसरा चॅम्पियन पेड्रोझा पंधरा राऊंड लढले, आणि वजन त्याच दिवशी व्हायचं. नसीमच्या वेळी बारा राऊंड आणि वजन आदल्या दिवशी.

माझी यादी अशी: पेप, सॅडलर, सांचेझ, हेन्री आर्मस्ट्राँग, सालदिव्हार, अर्ग्वेयो, नेल्सन, पेड्रोझा, हे सगळे नसीमच्या वर, निर्विवाद. नसीम पंधरा ते पंचविसात कुठेतरी, बॅरी मॅकग्विगन आणि डॅनी लोपेझच्या आसपास. २०१५मध्ये तो बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला त्याला माझी हरकत नाही, तिथे दार बरंच रुंद आहे. युसेबिओ पेड्रोझाचं नाव ऐकून पोरं तोंड वाकडं करतात, कारण त्याच्या क्लिपा कोणी फिरवत नाही. सात वर्षं पट्टा, १९ वेळा राखलेला, जपान, पापुआ न्यू गिनी, इटली अशा परक्या गावांत जाऊन, आणि कमरेखाली मारण्यातही पटाईत. पंधरा राऊंडांत तो नसीमला काय काय शिकवेल, ते मला क्लबात सगळ्यांसमोर सांगता येत नाही.