झटके आले म्हणजे फिटच, असं नाही: बेशुद्धीचा पेशंट पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी

नातेवाईक सांगतात, "फिट आली होती." आपण केसपेपरवर 'सीझर' (म्हणजे फिट) लिहितो आणि पुढची प्रत्येक तपासणी त्या एका शब्दामागे धावते. सीटी होतो, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) होतो, न्यूरोला कॉल जातो. ईसीजीही निघतो, पण नुसता फाइलला लागतो. कॅज्युअल्टीत नव्याने उभं राहणाऱ्याला अडकवणारा सापळा हाच. मीही त्यात अडकलोय, म्हणून त्यावर जरा जास्तच लिहितो.

मेंदूचा रक्तपुरवठा ६ ते ८ सेकंद तुटला की शुद्ध जाते, आणि अशा वेळी हातपाय झटकणं अजिबात दुर्मीळ नाही. १९९४ साली निरोगी लोकांमध्ये मुद्दाम सिंकोपी (मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर घटून येणारी बेशुद्धी) घडवून तिचं व्हिडिओ चित्रण केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पूर्ण शुद्ध गेलेल्या ४२ पैकी ३८ जणांना झटके आले होते. म्हणजे 'झटके आले का?' या प्रश्नाच्या उत्तराने जवळजवळ काहीच ठरत नाही. झटके किती, कसे आणि कधी आले, यावर ठरतं.

पाहणाऱ्याला शब्दांत विचारू नका, "हातांनी करून दाखवा" म्हणा. तीन-चारदा वेडेवाकडे हात उडवून तो थांबला, तर सिंकोपीकडे झुका. दोन्ही हात एका लयीत, न थांबता हलवत राहिला, तर सीझरकडे. ढोबळ हिशेब असा: दहापेक्षा कमी झटके सिंकोपीत, वीसपेक्षा जास्त सीझरमध्ये. मधल्या आकड्यावर हटून बसू नका. सिंकोपीत माणूस आधी कोसळतो, झटके मागून येतात. चेहरा पांढराफटक होता (सिंकोपी) की निळसर (सीझर), हे विचारा. जिभेच्या कडेला चावा असेल तर सीझरचं पारडं जड. कपड्यात लघवी झाली, यावरून मात्र काहीही ठरवू नका, ती दोन्हींत होते. आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न: शुद्धीवर आल्यावर माणसं ओळखायला किती वेळ लागला? सिंकोपीत अर्ध्या मिनिटाच्या आसपास पेशंट ताळ्यावर येतो, थकवा मात्र नंतरही राहतो. एक गोम इथेही आहे. कोसळणाऱ्याला चार जणांनी उभंच धरून ठेवलं, तर रक्त मेंदूपर्यंत पोचत नाही आणि झटके लांबतात. म्हणून "पडल्यावर आडवं केलं होतं का?" हेही विचारा.

हे एवढं का घोकायचं? कारण लाँग क्यूटीची (ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबून हृदयाची लय अचानक बिघडवणाऱ्या विकाराची) मुलं वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या खात राहू शकतात, आणि त्या गोळ्या त्यांचं हृदय थांबण्यापासून वाचवत नाहीत.

दुसरी अडचण 'चक्कर' या शब्दाची. आपल्याकडे खोली फिरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोल जाणं आणि चक्क बेशुद्ध पडणं, सगळं एकाच शब्दात मावतं. "पडल्याचा आवाज आठवतो का? जमिनीवर आदळताना कळलं का?" असं विचारलं की घोळ निस्तरतो.

ईसीजी स्वतः वाचा. पीआर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत संदेश पोचायचा वेळ), डेल्टा वेव्ह (जादा विद्युत वाटेची खूण), बायफॅसिक्युलर ब्लॉक (संदेश नेणाऱ्या दोन फांद्या बंद), व्ही१-व्ही२ मधला ब्रुगाडा (घातक लय बिघडण्याचा धोका सांगणारा नमुना), व्ही१ ते व्ही३ मधल्या उलट्या टी लहरी, एलव्हीएच (डाव्या कप्प्याची जाड भिंत) आणि क्यूटी, या क्रमाने दर वेळी. क्यूटीसी (हृदयाच्या गतीनुसार दुरुस्त केलेला क्यूटी) मशीनने छापलाय म्हणून सोडून देऊ नका. लीड २ किंवा व्ही५ मध्ये क्यूटी मोजा आणि आरआरच्या (दोन ठोक्यांमधल्या वेळेच्या, सेकंदांत) वर्गमुळाने भागा. क्यूटी ४०० मिलिसेकंद आणि आरआर १६ छोटे चौकोन, म्हणजे ०.६४ सेकंद. वर्गमूळ ०.८, उत्तर ५००. नुसता ४०० बघून पुढे गेलेला माणूस इथेच फसतो. रेट शंभरच्या वर असेल तर हे सूत्र आकडा फुगवतं, रेट उतरल्यावर पुन्हा ईसीजी काढा. खरंच ५०० असेल तर पेशंट मॉनिटरवर, पोटॅशियम-मॅग्नेशियम पाठवा आणि चालू औषधांची यादी एकेक करून तपासा.

ईसीजी नॉर्मल आला तरी या गोष्टी असतील तर घरी सोडू नका: धावताना शुद्ध गेली, आडवं असताना गेली, आधी धडधड झाली, हृदयाचा जुना आजार आहे, घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय.

उभ्याने बीपी घेताना सगळे घाई करतात. ५ मिनिटं आडवं ठेवा, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी बीपी घ्या. सिस्टॉलिक २० किंवा डायस्टॉलिक १० ने उतरलं तर पॉझिटिव्ह. खुर्चीत बसवून घेतलेलं बीपी इथे चालत नाही. पॉझिटिव्ह आलं की लगेच 'डिहायड्रेशन' लिहू नका. काळी शौच विचारा, प्रोस्टेटच्या आणि लघवीच्या गोळ्या विचारा, गर्भधारणेच्या वयातल्या प्रत्येक बाईची प्रेग्नन्सी टेस्ट करा. फुटलेली एक्टोपिक (गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा) नुसती 'चक्कर' म्हणून चालत येते.

धोका मोजायचे स्कोअर पाठ करा, पण हिस्टरी झाल्यावर वापरा, आधी नको. कॅरोटिड डॉपलर (मानेतल्या, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीची सोनोग्राफी) सरसकट लिहिण्याची सवय मला मुळीच पटत नाही. एका बाजूची कॅरोटिड अरुंद झाली म्हणून माणूस क्षणभर बेशुद्ध पडून उठून बसत नाही. आणि राउंडला जो सीनियर "पाहणाऱ्याला फोन लाव" म्हणतो, त्याच्याच मागे फिरा.

बहुतेक पेशंट व्हेसोव्हेगलच (भीती, वेदना किंवा खूप वेळ उभं राहण्याने येणारी साधी घेरी) निघतील, काही महिन्यांत ते तुम्हाला बोलण्यावरूनच कळू लागतील. काहींचं कारण पहिल्या भेटीत सापडणार नाही, आणि तो तुमचा कमीपणा नाही. कागदावर खोटं निदान लिहू नका. 'कारण अनिश्चित, धोका कमी' असं लिहा आणि पुन्हा बोलवा. व्हेसोव्हेगलवाल्याला सोडण्यापूर्वी पलंगाशी उभं करा. पायावर पाय टाकून मांड्या, पोट आणि कुल्ले घट्ट आवळायला लावा आणि त्याने ते नीट केलं की नाही, हे डोळ्यांनी बघा. अंधारी वाढतेय असं वाटलं तर आहे तिथे आडवं व्हायचं, हे त्याच्याकडूनच वदवून घ्या.