पेटी तिरकी केल्याशिवाय कळत नाही : जोसेफ कॉर्नेल घरबसल्या कसा पाहावा

अमेरिकन कलावंत जोसेफ कॉर्नेल (१९०३–१९७२) पेट्यांत वस्तू मांडून कलाकृती करी. या पेट्या फोटोत फसव्या दिसतात. पानावर दिसते ती समोरून टिपलेली एक चौकट, आत चार वस्तू आणि वर काच. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच पेट्या हातात घ्यायच्या, तिरक्या करायच्या, खण ओढून बघायच्या म्हणून केलेल्या. वाळूच्या पेट्यांत पेटी कलली की वाळू वाहते. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या १९४९च्या सुमाराच्या ‘फरगॉटन गेम’मध्ये वरून सोडलेला चेंडू उतरणींवरून घरंगळत खाली येतो आणि घंटा वाजते. आता संग्रहालयात हे कुणाला करू देत नाहीत. म्हणजे काचेसमोर उभं राहणाऱ्यालाही निम्मंच मिळतं. उरलेलं पुस्तकं, डिस्क आणि कागदपत्रं यांतून गोळा करायचं असतं.

सुरुवात एकाच पेटीपासून करा. सगळा कॉर्नेल एकदम पाहायला गेलात तर तासाभरात पोपट, चिनी मातीचे पाइप आणि चंद्राचे नकाशे यांची खिचडी होते. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या मोमा (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) या संग्रहालयातली १९४०ची ‘टॅग्लिओनीज ज्युवेल कास्केट’ घ्या. माप साधारण ३० × २१ × १२ सेंटिमीटर. पुठ्ठ्याची तेवढीच पेटी कापून टेबलावर ठेवा आणि मग पुस्तक उघडा. मोठ्या पानावरची पेटी डोळ्याला अलमारीएवढी वाटते. पुठ्ठा शेजारी असला की हा भ्रम लगेच मोडतो.

आता आत बघा. तपकिरी मखमल, काचेचे ठोकळे, झाकणात माळ. झाकणावरचा मजकूर सांगतो की १८३५ साली रशियात एका वाटमाऱ्याने नर्तकी मारी टॅग्लिओनीची गाडी अडवली, बर्फावर कातडं अंथरलं आणि तिला नाचायला लावलं. त्या आठवणीसाठी ती दागिन्यांच्या डब्यात बर्फाचा तुकडा ठेवू लागली. हा मजकूर वाचल्याशिवाय ठोकळे म्हणजे नुसती काच. आणि ठोकळे काचेवर बसलेत, त्या काचेखाली आणखी दागिन्यांचे तुकडे आहेत, हे सरळ वरून काढलेल्या फोटोत कळत नाही. म्हणून एकाच पेटीचे किमान तीन फोटो जमवा : समोरून, तिरका आणि झाकण किंवा खण उघडलेला. मागची बाजू मिळाली तर सोडू नका. कॉर्नेलने अनेक पेट्यांच्या पाठीवर जुन्या पुस्तकांची पानं चिकटवली आहेत, आणि सहीही बहुतेकदा तिथेच असते.

पुस्तकांत आधी चित्रांचं, मग चरित्र. उलटं केलं की पंचाईत होते. आजारी भाऊ रॉबर्ट, आई आणि क्वीन्समधल्या युटोपिया पार्कवेवरचं घर एवढं मनात बसतं की पेटीतल्या प्रत्येक पिंजऱ्यात भाऊच दिसायला लागतो. डेबोरा सॉलोमनचं १९९७चं चरित्र उत्तम आहे, पण पाचसहा पेट्या नीट पाहून झाल्यावर. चित्रांसाठी मोमाच्या १९८०च्या प्रदर्शनाचा कॅटलॉग किंवा २००३चं ‘शॅडोप्ले एटर्निडे’ घ्या.

टिपणं काढताना नावावर विसंबू नका. कितीतरी पेट्या ‘अनटायटल्ड’ आहेत आणि कंसातली नावंही एकमेकींसारखी. संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक आणि माप लिहून ठेवा, नाहीतर महिन्याभराने दोन वेगळ्या पेट्यांची टिपणं एकाच पानावर सापडतील. सालाआधी ‘सुमारे’ असेल तर तेही उतरवा. एकच पेटी तो वर्षानुवर्षं हाताळत राही, त्यामुळे दोन पुस्तकांत दोन सालं दिसली तर लगेच छपाईची चूक समजू नका.

मग मूळ चित्रांचा माग काढा. सगळ्यात मजा इथे आहे. कॉर्नेल मूळ छापील चित्राऐवजी बऱ्याचदा त्याची फोटोस्टॅट प्रत (फोटो काढून केलेली नक्कल) वापरी, म्हणजे एकच चेहरा मोठा, छोटा, निळा असा कितीही वेळा आणता येई. १९४२च्या ‘मेडिची स्लॉट मशीन’मधला मुलगा फ्लॉरेन्सच्या मेडिची या राजघराण्यातला नाहीच. तो मासिमिलियानो स्टाम्पा. सोफोनिस्बा अँग्विसोलाने १५५७ साली काढलेलं त्याचं चित्र बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे. ‘मेडिची प्रिन्सेस’मधली मुलगी मात्र खरीच मेडिची : ब्राँझिनोने रंगवलेली बिया. मूळ चित्र एका खिडकीत आणि पेटी दुसऱ्या खिडकीत उघडून ठेवा. त्याने काय कापलं, चेहऱ्यावर रेषा कुठून ओढल्या हे बघा. संग्रहालयांच्या साइटवर झूम भरपूर करता येतं. शोध इंजिनने दाखवलेल्या लहान प्रतींवर वेळ घालवू नका.

कागदपत्रांसाठी स्मिथसोनियनच्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट’मध्ये त्याच्या रोजनिशा, पत्रं आणि कात्रणांच्या फायली स्कॅन करून ठेवल्या आहेत. अक्षर गिचमिड, आणि नोंदी मिळेल त्या चिटोऱ्यावर. सलग वाचायला बसलात तर दुसऱ्या दिवशी सोडून द्याल. आपल्या पेटीचं साल घ्या, सूचीतून त्या वर्षाचा फोल्डर काढा आणि तेवढाच वाचा.

‘शॅडोप्ले एटर्निडे’सोबत एक डीव्हीडी-रॉम होती. तिच्यात पेट्या उघडून, फिरवून, भाग वेगळे करून पाहता येतात. जुनी प्रत घेताना डिस्क आहे का हे विक्रेत्याला आधी विचारा, पाकीट रिकामं निघू शकतं. डिस्क पुसायची ती मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल पुसल्यास पडलेला ओरखडा एका ट्रॅकच्या लांबीभर जातो आणि डिस्कवरचा चुका भरून काढणारा कोड तिथे हरतो.

पुढची अडचण संगणकाची. त्या काळचे कार्यक्रम आजच्या मशीनवर बहुधा उघडतच नाहीत. मॅकओएसने २०१९च्या कॅटालिनापासून ३२-बिट अ‍ॅप्स बंद केली, आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट इन्स्टॉलर चालत नाही. आधी डिस्कवर छापलेल्या गरजा वाचा. मग तिची आयएसओ प्रत (सगळी डिस्क एकाच फाइलमध्ये) काढून ठेवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा, नकली संगणक चालवणारा प्रोग्रॅम) विंडोज एक्सपी बसवा : ५१२ एमबी रॅम, १०२४ × ७६८ स्क्रीन, ३२-बिट रंग. नेटवर्क बंद ठेवा, कारण २०१४पासून एक्सपीला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. आयएसओ जोडून इन्स्टॉल करा. व्हिडिओच्या जागी काळा चौकोन दिसला तर बहुतेक वेळा त्या काळचा क्विकटाइम हा व्हिडिओ चालवणारा प्रोग्रॅम नसतो. अशा डिस्कवर तो अनेकदा वेगळ्या फोल्डरमध्ये दिलेला असतो.

शेवटी ‘रोझ होबार्ट’ (१९३६). ‘ईस्ट ऑफ बोर्निओ’ हा १९३१चा बोलपट कापून कॉर्नेलने ही सुमारे १९ मिनिटांची फिल्म केली. ती तो मूकपटाच्या गतीने, सेकंदाला १६ चौकटी, निळ्या काचेतून दाखवी, आणि सोबत ब्राझिली गाण्यांची तबकडी. ऑनलाइन प्रत १३ मिनिटांच्या आसपास असेल तर ती २४च्या गतीने चाललेली आहे. प्लेअरमध्ये गती ०.६७ करा. पण तसं केलं की गाणंही ओढल्यासारखं वाजेल, म्हणून आवाज बंद करून संगीत वेगळं लावा. काळीपांढरी प्रत असेल तर निळा जिलेटिन कागद स्क्रीनवर धरला तरी काम भागतं.