बाथरूमची काच बसवायच्या आधी

टाइल्स, ग्राउट, नळ हे उरकल्याशिवाय काचेच्या दारासाठी काचवाल्याला मापाला बोलवायचं नसतं, ते ठाऊकच असेल. तो यायच्या आधी घरात बसून काचेत भोकं कुठं हवीत ते एका कागदावर काढा. बिजागऱ्या कुठं, हॅन्डल कुठं, टॉवेलची दांडी काचेवर हवी का, हवी तर किती उंचीवर. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच भट्टीतनं बाहेर आली की तिला भोक पाडता येत नाही. कड घासूनही मिळत नाही. ड्रिल टेकवलं की चुरा. सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचा मारा करतात, त्यानं बाहेरचे थर दाबात आणि पोट ताणात राहतं. तिची चारपाच पट ताकद त्यातनंच येते आणि हा आडमुठेपणाही. आमच्या जिन्याखाली दहा मिलीमीटर जाडीची एक कोरी काच उभी आहे, दांडीची भोकं आधी न सांगितल्यापायी.

म्हणून बिजागऱ्या नि हॅन्डल आधी विकत आणा आणि तोच माल काचवाल्याच्या हातात द्या. प्रत्येक कंपनीच्या बिजागरीची खाच वेगळी, हॅन्डलच्या दोन भोकांमधलं अंतर वेगळं. “नेहमीचंच असतं साहेब” यावर जाऊ नका.

रुंदी खाली, मध्ये, वर अशी तीनदा घ्या आणि सगळ्यांत कमी येईल ती धरा. भिंत ओळंब्यात आहे असं गवंडी म्हणणारच, तुम्ही ओळंबा लावून बघा. फरशीला जाळीकडं उतार असतो. दार ज्या बाजूला उघडणार तिकडं फरशी चढत असेल तर ते घासणार. गवंडी इंचात बोलतो, सुतार सुतात, काचवाला मिलीत. एक सूत म्हणजे तीन मिलीच्या जरा वर, दार अडकायला तेवढं पुरतं. कागदावर मिलीच लिहा. आणि भोकं? तीही मिलीतच, कडेपासून मोजून.

दहा मिलीची काच चौरस मीटरला २५ किलो भरते. सात फूट बाय सव्वादोन फुटांचं दार ३६ किलोंच्या पुढं जातं. बिजागरीच्या जागी टाइल वाजवून बघा, पोकळ वाजली तर तिथं स्क्रू मारू देऊ नका. मंगळवार पेठेसारख्या गल्लीत टेम्पो आतपर्यंत शिरेलच असं नाही, दोन माणसं जास्तीची सांगा. काच उभीच न्यायची, कोपरा फरशीवर टेकवायचा नाही. टफन्ड काच मधे मार सोसते, कडेला फुटते.

ऑर्डर देताना भोकांचा कागद मोठ्यानं वाचा, त्याची सही घ्या, फोटो काढा. हो, परत सांगतोय.

फटी बुजवायचं सिलिकॉन न्यूट्रल घ्या. आंबट वासाचं संगमरवरावर डाग पाडतं आणि आरशाची पाठ खातं. लावल्यावर २४ तास पाणी नको. कोपऱ्यात टफन्डचा शिक्का बघा. खालची रबर पट्टी, सफाई वगैरे त्यांचं ते करतात. राहिलेले पैसे दार उघडझाप करून बघितल्यावर.