पहिल्याच पानावर लेटरहेड: लाटेकमध्ये माझी झालेली फजिती

आमच्या सोसायटीची पत्रं मी लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानांची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, करतो. (वर्डमध्ये का नाही, हे बायकोही विचारते.) हवं होतं ते साधंच: पहिल्या पानावर नाव-पत्ता, पुढच्या पानांवर फक्त विषय आणि पान क्रमांक.

पानाच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांसाठी ‘फॅन्सीएचडीआर’ पॅकेज (जोडून घ्यायची तयार सोय) घेतलं, पुढच्या पानांचं जमलं. पहिल्या पानावर हे पट्टे कोरे राहावेत म्हणून त्या एकाच पानाची शैली ठरवणाऱ्या ‘धिसपेजस्टाइल’ला ‘एम्प्टी’ दिलं, तरी खाली पान क्रमांक तसाच! तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, की मी ही आज्ञा शीर्षक छापणाऱ्या ‘मेकटायटल’च्या आधी लिहिली होती. आर्टिकल क्लासमध्ये (मी वापरलेल्या तयार साच्यात) ‘मेकटायटल’ स्वतःच त्या पानाला ‘प्लेन’, म्हणजे खाली फक्त पान क्रमांक असलेली, शैली लावतं, म्हणजे माझं सांगणं पुसलं जात होतं. ओळ खाली नेली, प्रश्न मिटला.

खरी गंमत समासाची. लेटरहेडला वर जागा हवी, म्हणून समास ठरवणाऱ्या ‘जिऑमेट्री’ पॅकेजचं ‘न्यूजिऑमेट्री’ वापरून समास बदलले. पण मूळ समास परत आणणारं ‘रिस्टोअरजिऑमेट्री’ नवं पान सुरू करतं, त्यामुळे मजकूर पहिल्या पानावरून दुसऱ्यावर वाहतच नाही. पत्राला हे निरुपयोगी.

शेवटी हेडरचा (वरच्या पट्ट्याचा) नाद सोडला. नाव-पत्ता सरळ मजकुरातच पहिल्या ओळींत मध्यभागी टाकला, वर थोडी जागा ‘व्हीस्पेस’ या उभी जागा सोडणाऱ्या आज्ञेने सोडली. त्या आज्ञेच्या नावानंतर तारांकन (*) मात्र हवंच. नाहीतर पानाच्या माथ्यावरची जागा लाटेक गिळून टाकतं. यासाठी मी दोनदा छापलं, कागद वाया गेला तो वेगळाच.